अकरा नंबरचा दिवा

नवीन माणूस आला की काकू त्याला लगेच खुर्ची देत नाहीत. उभ्या उभ्याच सगळा मजला फिरवून दाखवतात. बसलेला माणूस ऐकत नाही असा त्यांचा अनुभव आहे, आणि ऐकण्याच्या बाबतीत काकूंच्या अनुभवाशी कुणी वाद घालू नये. बावीस वर्षं त्या एका मोठ्या विमा कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. कानाला हेडफोन लावून दिवसाला तीनतीनशे माणसांचं ऐकायचं आणि ज्याला जो हवा तो जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, कंपनीने बोर्ड काढून टाकला आणि काकू घरी आल्या. घरी बसून दोन वर्षांत त्यांनी नवऱ्याला इतकं भंडावून सोडलं, की हे दाराजवळच्या टेबलाचं काम मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला.

काचेच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘को-वर्किंग’ असं लिहिलेलं आहे. काकू तो शब्द सहसा वापरत नाहीत. नवीन माणूस दारातच थबकतो आणि हमखास विचारतो, "म्हणजे इथे नक्की काय असतं?"

"खाणावळ बघितलीय ना?" काकू म्हणतात. "खाणावळीत ताट आपलं नसतं, बाक आपला नसतो, शेजारी कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. भूक तेवढी आपली. इथे तसंच. टेबल आमचं, खुर्ची आमची, वीज, इंटरनेट, पिण्याचं पाणी सगळं आमचं. काम तेवढं तुमचं तुम्ही घेऊन यायचं."

मग त्या चालायला लागतात. छत्तीस टेबलं. त्यातलं कुठलंही घ्या, पण ‘माझं’ म्हणू नका, कारण संध्याकाळी सातला टेबल रिकामं करायचं आणि सकाळी जे मिळेल तिथे बसायचं. बायकोचा फोटो, कुंडी, देवाची तसबीर, यातलं काही मांडायचं नाही. मांडलंत तर काकू ते उचलून दाराजवळच्या कपाटात ठेवणार आणि तुम्ही मागायला आलात की आधी चार शब्द ऐकवणार. पलीकडे फोनवर बोलायच्या काचेच्या दोन खोल्या आहेत, एकेक माणूस मावेल एवढ्या. आतला आवाज बाहेर येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस भिंतीशी भांडतोय. कप आपला आपण विसळायचा. हे सांगताना काकू पुरुषांकडे जरा जास्त वेळ बघतात.

"आणि येतं कोण इथे?" नवीन माणूस विचारतो.

"ज्यांना ऑफिस नाही आणि ज्यांचं घरात काम होत नाही, ते सगळे. एक वकीलबाई आहेत. घरांचे नकाशे काढणारा एक आहे. दोघी बहिणी आहेत, कपडे विकतात, पण दुकान नाही, सगळं फोनवर. आणि बरेचसे घरी नकोसे झालेले. घरोघरी मातीच्या चुली, त्यात लाजायचं काय?"

इथे माणूस हसतो. काकू हसत नाहीत, कारण यापुढे हेडफोनचा नियम येतो.

पूर्वी हा नियम त्या मोठ्या ऐटीत सांगत. "आम्ही बोर्डावर हेडफोन लावायचो ते ऐकू यावं म्हणून. ही मंडळी लावतात ते ऐकू येऊ नये म्हणून. तेव्हा कानावर हेडफोन दिसला की समजायचं, दार बंद आहे. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, खुणावायचंही नाही. माणसाचं डोकं कुठे गुंतलेलं असतं, आपल्याला काय ठाऊक?"

आता एवढं सांगून झाल्यावर त्या थांबतात आणि म्हणतात, "पण मी लावते हात. अधूनमधून येऊन खांद्याला हात लावून जाते. राग आला तर त्या काचेमागे मॅनेजरसाहेब बसतात, त्यांच्याकडे तक्रार करा."

लोकांनी केलीही. तीन तक्रारी झाल्या. मॅनेजर काकूंच्या मुलापेक्षा लहान, स्वभावाने गरीब. तिसऱ्या वेळी त्याने त्यांना आत बोलावलं.

"काकू, लोक शांततेसाठी इथे येतात. तुम्ही मागून येऊन हात लावता, दचकतात ते."

"दचकले म्हणजे बरं," काकू म्हणाल्या.

"तसं नाही चालत. आता पुन्हा तक्रार आली तर मला वर कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

काकूंनी मान हलवली, बाहेर आल्या आणि जागेवर जाता जाता वकीलबाईंच्या खांद्याला हात लावून गेल्या. वकीलबाई न बघताच "हूं" म्हणाल्या. त्यांना सवय झाली होती आणि त्यांना कारणही ठाऊक होतं. कारण सगळ्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. म्हणजे अर्धं.

त्या माणसाला सगळे पत्रककाका म्हणायचे. पंप, शिलाई मशीन, पाणी तापवायची भांडी, असल्या यंत्रांबरोबर जे माहितीपत्रक येतं आणि जे कुणीच वाचत नाही, ते लिहायचं त्यांचं काम. "झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा," असली वाक्यं त्यांनी जन्मभर लिहिली. साठीला आलेला, सडपातळ माणूस. रोज साडेनऊला यायचे आणि खांबाजवळचं अकरा नंबरचं टेबल गाठायचे. टेबलावर कुणाचा हक्क नाही हे खरं, पण खांबाच्या आडोशाला तिथे वाट अडते, म्हणून ते कुणी घेत नसे. आले की कानाला मोठे काळे हेडफोन लावायचे ते संध्याकाळीच काढायचे. वर्षभरात काकूंशी त्यांचं बोलणं झालं असेल ते सकाळचं "आलो" आणि संध्याकाळचं "निघतो". काकूंना ते आवडायचे. बोर्डावर दिवस काढलेल्या बाईला कमी बोलणाऱ्या माणसाची किंमत असते.

तो मंगळवार होता. दुपारी काकूंनी मान वर करून मजल्यावर नजर फिरवली तर अकरा नंबरवरचा दिवा बंद. प्रत्येक टेबलावर छताला एकेक दिवा आहे, खाली माणूस आला की आपोआप लागतो. काकूंनी आपल्या जागेवरूनच बघितलं. काकांची पाठ दिसत होती, हेडफोन घातलेलं डोकं जरा खाली झुकलेलं, उजवा हात माउसवर. माणूस कामात आहे, उगाच उठवायला कशाला जायचं? दिवा गेला असेल, वायरमनला सांगू. त्यांनी बिघाडाची वही ओढली आणि लिहिलं, ‘टेबल ११, दिवा बंद, ३ वाजून ५ मि.’ वेळ लिहायची सवय बोर्डावरची.

पाच मिनिटांनी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज होता. त्या बाईंनी पत्रककाकांचं नाव घेतलं आणि विचारलं, "आहेत का तिथे? मोबाइल उचलत नाहीत. मी घरून बोलतेय."

काकू खुर्चीतूनच वाकून बघत म्हणाल्या, "आहेत ना. समोरच दिसताहेत मला. हेडफोन लावून काम चाललंय. बोलवू का?"

मग तो आवाज म्हणाला, "काम करताहेत ना? मग राहू दे. काही विशेष नव्हतं."

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पावणेसातला टेबलं रिकामी करायला काकू फिरू लागल्या. अकरा नंबरजवळ त्या पोचल्या आणि डोक्यावरचा दिवा फटकन लागला. ‘चला, आपला आपण दुरुस्त झाला,’ असं त्यांच्या मनात आलं. हे त्यांना आजही आठवतं, आणि आठवलं की त्यांना स्वतःची किळस येते. "काका, सात वाजत आले," त्या म्हणाल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हेडफोन लावलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावला. खांदा शर्टातूनसुद्धा गार लागला.

हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपारनंतर केव्हातरी. नक्की केव्हा ते सांगता येणार नाही. लगेच कळलं असतं तर, असं काकूंनी विचारलं. त्यावर डॉक्टरांनी खांदे उडवले. हातभर अंतरावर, खांबाच्या पलीकडे, नकाशेवाला दिवसभर बसून होता. तो पुढे दोन महिने फिरकलाच नाही. सगळ्यांनी एकमेकांना समजावलं, की कुणाचा दोष नाही, नियमच तसा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही बघून वायरमन आला. शिडी लावली, दिवा काढून बघितला, पुन्हा बसवला.

"काही झालेलं नाही याला," तो वरूनच म्हणाला. "खालचा माणूस हलेनासा झाला की वीस मिनिटांनी विझतो हा. तशीच सोय आहे. वीज वाचते."

काकूंनी मनात हिशोब केला. वीस मिनिटं. तीन वाजून पाच मिनिटांनी दिवा विझलेला होता. म्हणजे काका त्याआधी वीस मिनिटं तरी हलले नव्हते. दिवा विझून तेच ओरडून सांगत होता, आणि काकूंनी काय केलं, तर त्याची तक्रार लिहिली.

ही दिव्याची गोष्ट त्यांनी मॅनेजरला सांगितली, नवऱ्याला सांगितली, वकीलबाईंना सांगितली. सांगताना रडल्याही. फोनची गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. बोर्डावर बावीस वर्षांत त्यांनी न बघता कधी "आहेत" म्हटलं नव्हतं. शिपायाला पाठवायच्या, तो माणसाला डोळ्यांनी बघून यायचा, मग सांगायच्या. आणि इथे, वीस पावलांवर, खुर्चीतून न उठता त्यांनी मेलेल्या माणसाच्या बायकोला सांगितलं, की काम चाललंय. किंवा अजून जिवंत असलेल्या माणसाच्या. यातलं वाईट कुठलं, हे त्यांना चौदा महिन्यांत ठरवता आलं नव्हतं. वही भरली, नवी आली, तरी जुनी वही त्यांनी रद्दीत दिली नाही. ती त्यांच्या खणात तळाशी आहे.

तेव्हापासून त्या हात लावत फिरतात. रविवारी दुपारी नवरा आडवा झाला की दर थोड्या वेळाने त्यालाही हलवतात. "आहे गं बाई मी, आहे," तो डोळे न उघडता म्हणतो. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी मेल्यावर तरी झोपू दे." काकूंना ही थट्टा सोसत नाही, पण तो "आहे" म्हणाला की त्यांना पुढचा अर्धा तास बरा जातो.

आणखी एक गोष्ट आहे, तीही त्या कुणाला सांगत नाहीत. अकरा नंबरच्या टेबलावर आता कुणी बसत नाही. जुने लोक टाळतात आणि नव्यांना काकू दाखवतच नाहीत. तरी कधी कधी, दुपारी तीनच्या सुमाराला, तिथला दिवा लागतो. खाली खुर्ची रिकामी, खांब, टेबल, दुसरं काही नाही. वीस मिनिटं जळतो आणि विझतो. वायरमनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, वरच्या एसीच्या झोताने फसत असेल. असेल. काकूंनी पुढे विचारलं नाही. दिवा लागला की त्या हातातलं काम सोडून बघत बसतात, आणि विझायच्या आत उठावं असं दर वेळी वाटूनही त्यांच्याच्याने उठवत नाही.

आणि मग एके दिवशी, सकाळी अकराच्या पुढे, काचेचं दार ढकलून एक बाई आत आल्या. काकूंच्याच वयाच्या. केस नीट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"एक दिवसापुरतं बसता येतं का इथे?" त्यांनी विचारलं.

"येतं की. या, आधी दाखवते सगळं."

काकूंनी खाणावळीपासून सुरुवात केली. बाई निमूट ऐकत होत्या. कपाटं बघितली, काचेच्या खोल्या बघितल्या. त्यांना हेडफोनचा नियम सांगताना काकूंच्या लक्षात आलं, की बाई आपल्याकडे बघतच नाहीयेत, मजल्यावर काहीतरी शोधताहेत.

"नीट सांगितलं नाही का मी? पुन्हा सांगू?"

"नको, राहू दे," बाई म्हणाल्या. "काही विशेष नव्हतं."

चेहरे काकू विसरत, नावं विसरत, सुनेचा वाढदिवस दर वर्षी विसरत. आवाज त्या विसरत नसत. हा आवाज त्यांनी एकदाच ऐकला होता, फोनवर, मिनिटभर, आणि त्यानंतर चौदा महिने रोज.

बाई वळल्या, टेबलांमधून वाट काढत थेट खांबाकडे गेल्या आणि अकरा नंबरपाशी उभ्या राहिल्या. वरचा दिवा लागला.

"खांबाजवळचं म्हणायचे ते," त्या म्हणाल्या. "हेच ना? माझे मिस्टर बसायचे इथे. तुम्हाला माहीत असेल."

"हो," काकू म्हणाल्या.

"मुलगा म्हणाला, कशाला जातेस? वर्षभर मलाही धीर झाला नाही." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, लगेच काढला, पुन्हा ठेवला. "ते घरी काही बोलायचे नाहीत फारसं. पण तुमच्याबद्दल सांगायचे. दारावरच्या काकूंचं सगळ्यांवर लक्ष असतं म्हणायचे. म्हणून मी निर्धास्त असायचे बघा."

काकूंना गप्प राहता आलं असतं. या बाईंना काही कळलेलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वीचा मिनिटभराचा फोन, कुणी उचलला होता ते त्यांना कुठून ठाऊक असणार? एक दिवस बसतील, रडतील, जातील. पुन्हा येणारही नाहीत. चौदा महिने काकू जे मागत होत्या ते हेच होतं, की ही बाई आपल्याला कधी भेटू नये. आता ती समोर उभी होती आणि वर कौतुक करत होती. ते कौतुक काकूंना सोसवेना.

"फोन मी उचलला होता," त्या म्हणाल्या.

बाईंनी वळून बघितलं.

"त्या दिवशी तुम्ही फोन केलात ना, तो. मीच बोलले. समोर दिसताहेत म्हटलं, काम चाललंय म्हटलं. मी उठून बघितलं नव्हतं. तिथून, माझ्या जागेवरून सांगितलं. फक्त पाठ दिसत होती मला." आता थांबून चालणार नव्हतं. "थांबा, एक दाखवते."

त्या जवळजवळ धावतच गेल्या, खणाच्या तळातून वही काढली, परत आल्या आणि पान उघडून टेबलावर ठेवलं. मग दिव्याकडे बोट दाखवून त्यांनी सगळं सांगितलं. खाली हालचाल थांबली की वीस मिनिटांनी हा विझतो. विझलेला मी बघितला तीन वाजून पाच मिनिटांनी. तुमचा फोन तीन दहाचा. म्हणजे पावणेतीनपासून तरी ते हलले नव्हते. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाच तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

बाई वाकून ती ओळ वाचत होत्या. एक ओळ वाचायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

"म्हणजे मी ‘राहू दे’ म्हटलं, तेव्हा..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"तेव्हा उशीर झाला होता, असं मी मनाला सांगते. खरं काय ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. खोटं बोलून तुम्हाला बरं वाटायला लावणार नाही मी."

बाई खुर्चीवर बसल्या. काचेमागून मॅनेजर इकडे बघत होता. मजल्यावर कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते.

"त्या दिवशी सकाळी ते म्हणाले होते, आज नको वाटतंय जायला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरं काही नाही, एवढंच. मी म्हटलं, घरात बसून माझ्या पायात पायात कशाला? जा आपले. तुमच्या इथलं महिन्याचं तिकीटही मीच काढून दिलं होतं त्यांना. काम घरी करायला लागले तसं मला घर पुरेना. मी हे मुलाला सांगितलं नाही, कुणालाच नाही. दुपारी वाटलं, उगाच बोलले, घरी बोलवावं. म्हणून फोन केला. तुम्ही म्हणालात काम चाललंय, तर मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे रागावलेले नाहीत."

इतके महिने काकू समजत होत्या, की हे ओझं त्या एकट्याच वाहताहेत.

बाईंनी पिशवीतून काळे हेडफोन काढले. काकूंनी ते ओळखले. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी ते काढून ठेवले होते. वायर खाली लोंबत होती.

"त्याची वायर..." काकूंनी सुरुवात केली. "त्या दिवशी ती कशालाच जोडलेली नव्हती."

"कधीच नसायची." बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "घरीही तसेच लावून बसायचे. मी बोलायला लागले की कानावर. यंत्रांबद्दल लिहायचे, पण हे एक यंत्र त्यांनी कधी चालू केलं नाही. सगळं ऐकू जायचं त्यांना."

सगळं ऐकू जायचं. म्हणजे हाकही गेली असती. दोघींना ते एकदमच उमगलं, आणि दोघींनीही ते एकमेकींना बोलून दाखवलं नाही.

"मला तुमचा राग यायला हवा," काही वेळाने बाई म्हणाल्या. "येतोय की नाही तेच कळत नाहीये. जरा बसू द्या मला इथे."

"बसा. संध्याकाळपर्यंत बसा."

"काम काही आणलेलं नाही मी."

"नसू दे."

बाईंनी हेडफोन कानाला लावले, वायर मांडीवर घेतली आणि समोरच्या खांबाकडे बघत राहिल्या.

काकू आपल्या जागेवर येऊन बसल्या. दोन नवी माणसं आली, त्यांना त्यांनी नंतर या म्हणून सांगितलं. फोन वाजला, उचलला नाही. वीस पावलांवर एक पाठ दिसत होती, हेडफोन घातलेलं डोकं जरा खाली झुकलेलं. हात टेबलावर. तशीच पाठ, तशीच मान. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पाठीकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे. बाई हलत नव्हत्या. मॅनेजर काचेमागे उभा राहिला होता आणि त्याने काकूंकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. बसू द्या त्यांना, असंच त्याला म्हणायचं असणार.

दिवा विझला.

काकू उठल्या. मॅनेजरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वकीलबाईंच्या मागून, बहिणींच्या पसाऱ्यावरून पाय टाकत, वीस पावलं चालून त्या खांबापाशी पोचल्या. दिवा लागला. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ऊबदार होता आणि हुंदक्यांनी बारीक बारीक हलत होता, दिव्याला कळणार नाही इतका बारीक.

बाईंनी वळून बघितलं नाही. हेडफोनही काढले नाहीत. खांद्यावरच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"आहे," त्या म्हणाल्या. "आहे मी."

काकूंनी हात काढला नाही. डोक्यावरचा दिवा जळत होता.